थोरल्याच्या नावाची आउटलाइन

"बाई, अक्षरांना अजून एक आउटलाइन देऊ का? पांढरी?"

सर्जेराव खोताने हे विचारलं तेव्हा आवटीबाई पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधीच्या कुठल्या आहेत?"

"मरून रंगाची. तिच्याबाहेर सोनेरी. तिच्याबाहेर परत मरून. मग ग्लो. आणि खाली शॅडो."

"वाचता येतंय?"

"मला येतंय की."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

सर्जेरावानं खिशातला पेन ड्राइव्ह चाचपला.

आवटीबाई तासगावच्या. हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या आणि घराच्या पडवीतच अक्षरांचा क्लास काढला. सर्जेराव त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. वाईट एवढंच, की हे त्याला फार लवकर कळलं.

तालुक्यातल्या कुठल्याही चौकात उभं राहा, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सर्जेरावाच्या हातचा. त्याची अक्षरं लग्नातल्या करवलीसारखी नटून यायची. नाकापेक्षा मोती जड. गिऱ्हाईक खूश, सर्जेरावही खूश. बाईंची पायरी चढायची गरज त्याला पडली नव्हती.

आज पडली.

उद्या अक्षय तृतीया. गेलेल्या माणसाच्या नावानं या दिवशी पाण्याचा घडा दान देतात. सर्जेरावाचा थोरला भाऊ धोंडीराम दिवाळीनंतर गेला. त्याच्या नावानं घडा कसला, स्टँडजवळ पाणपोईच घालायची असं सर्जेरावानं ठरवलं. रांजण आले, मांडव आला. बोर्ड त्यानं स्वतः केला. सकाळी तो टांगून पाहिला आणि हौसेनं आईला गाडीवर बसवून दाखवायला नेलं.

"मग? काय म्हणाली आई?" बाईंनी विचारलं.

"बोर्डापुढं उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, सर्जा, तुझं नाव हाय की रं खाली. माझ्या धोंड्याचं कुठं हाय?"

बाईंचे हात थांबले.

"तुझ्या नावाला काय केलं होतंस?"

"काय न्हाई. अक्षरांच्या पोटात साधा निळा फिल. खाली टाकायचं म्हणून टाकलं आपलं."

"आणि धोंडीरामच्या नावासाठी?"

"दोन दिवस बसलो होतो, बाई."

बाई उठल्या. पदराला हात पुसले, कॉम्प्युटर लावला आणि पेन ड्राइव्हसाठी हात पुढं केला.

फाइल उघडली. क्रीम रंगाच्या बोर्डावर धोंडीरामचं नाव नुसतं झळाळत होतं. बाईंनी चष्मा वर सरकवला, खाली घेतला, परत वर सरकवला.

"आउटलाइन फिलच्या पुढं आहे का मागं?"

"पुढं."

"म्हणजे निम्मी जाडी अक्षराच्या आत शिरली. ध ची गाठ बुजली बघ."

"मागं टाकतो की. त्यात काय."

त्यानं आउटलाइन फिलच्या मागं टाकली. ध ची गाठ मोकळी झाली. सर्जेरावानं बाईंकडं पाहिलं. परीक्षेत पहिला आलेला पोरगा बघतो तसं.

"फिल कसला दिलायस?"

"क्रीम."

"आणि बोर्ड?"

सर्जेरावानं पडद्याकडं पाहिलं.

"बोर्ड कसला आहे, सर्जेराव?"

"क्रीमच."

क्लासला नवा आलेला पोरगासुद्धा अशी चूक करत नाही. बोर्डाचाच रंग अक्षराला दिला तर अक्षर राहतं कुठं? भोवतीचे दागिनेच दिसायचे. सर्जेराव खुर्चीत मागं रेलला.

"दोन दिवसांत माझ्या ध्यानात कसं आलं नाही, बाई?"

बाई आत गेल्या. पाण्यानं भरलेला तांब्या आणून त्यांनी शहाबादी फरशीवर ठेवला.

"बस खाली. बोट बुडव. त्याचं नाव लिही."

"पाण्यानं?"

"हो."

हे काय खूळ, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं. पण बाईंपुढं बोलायची सोय नव्हती. तो मांडी घालून बसला, बोट बुडवलं आणि सवयीनं काढायला लागला. आधी बाहेरची रेघ. ती वळवून परत आणली. मग आतली. पोकळ ध तयार झाला.

"हे काय आहे?"

"ध."

"मी लिही म्हटलं होतं."

सर्जेरावानं पोकळ अक्षरावरून बोट उचललं. बोटावरचं पाणी फरशीवर गळत होतं…

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "दादा दवाखान्यात होता ना, तवा मी इलेक्शनच्या फ्लेक्सात बुडालो होतो."

बाई त्याच्यासमोर फरशीवर बसल्या.

"स्पेशल रूम घेतली. त्याचं करायला एक बाई ठेवली. रोज फळं पाठवली. डॉक्टरशी रोज फोनवर बोलायचो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा." त्यानं ओलं बोट शर्टाला पुसलं. "एकदा गेलो पण होतो. दारापर्यंत. तो खोकताना ऐकला आणि तिथनंच माघारी आलो. आत जायचं धाडस झालं न्हाई. तो मला शिकवायसाठी मिलात लागला होता, बाई. तिथल्या धुळीनं छाती धरली, त्यातच तो गेला."

बाईंनी तांब्या त्याच्याजवळ सरकवला.

"परत लिही."

सर्जेरावानं बोट बुडवलं. या वेळी बाहेरून वळसा घातला नाही. शाळेत गिरवतात तसं सरळ लिहिलं. काना वाकडा आला, अनुस्वार ओघळला. पण कोरड्या फरशीवर ओली, काळसर अक्षरं उमटली. धोंडीराम. दारातून येणाऱ्यालाही वाचता आली असती.

सर्जेराव रडला. भाऊ गेला त्या दिवशी मांडववाल्याला फोन करण्यात रडायचं राहून गेलं होतं, ते आज रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. तेवढ्यात उन्हानं फरशी सुकली आणि नाव गेलं.

मग तो उठला. कॉम्प्युटरपुढं बसला. नाव निवडलं. रंगांच्या पट्टीतल्या फुलीवर उजवी क्लिक केली, तशी मरून आउटलाइन गेली. सोनेरी गेली. ग्लो काढला, शॅडो काढली. काळ्यावर डावी क्लिक केली.

क्रीम रंगावर काळं नाव. बाकी काही नाही.

"आईला दिसंल," तो म्हणाला.

"दिसेल."

जरा वेळानं त्याचा बाण बोर्डाच्या तळाशी सरकला. तिथं निळ्यात लिहिलं होतं, सर्जेराव बाबू खोत यांच्याकडून.

"हे खोडून टाकतो, बाई. लाज वाटती."

"खोडायचं नाही. पाणी तूच घालणार आहेस ना?"

"मग काय करू?"

"फिल काढ."

"आउटलाइन तर मुळातच न्हाई त्याला."

"माहीत आहे."

सर्जेरावानं फुलीवर डावी क्लिक केली. निळा गेला. नाव होतं तिथंच होतं, शब्द न् शब्द जागच्या जागी, पण पडद्यावर मोकळं क्रीम तेवढं उरलं. छापलं तरी तसंच छापलं जाणार.

त्यानं त्या मोकळ्या जागेवरून बाण फिरवला…

"बाई, आता हे नाव कुणाला दिसणार?"

"तुझ्या दादाला."