प्राणहितेचा हट्ट

फार पूर्वी, सिरोंच्याजवळच्या संगमावर एक म्हातारं कासव राहायचं. एका सकाळी प्राणहिता नदी तिथं फणफणत आली आणि गोदावरीला म्हणाली, "अगं, माझं पाणी तुझ्यापेक्षा जास्त. मग इथून समुद्रापर्यंत नाव तुझं का? आजपासून माझं लागेल."

त्र्यंबकपासून गावोगावच्या शेतांना पाणी पाजत आलेली गोदावरी दमली होती. "लाव बाई," ती म्हणाली.

कासवानं कवचातून मान बाहेर काढली. "लावायला हरकत नाही. पण प्राणहिते, एवढं पाणी तू आणलंस कुठून?"

"वर्धा आणि वैनगंगा भेटल्या ना, तिथून."

"मग त्यांची नावं कुठं गेली?"

प्राणहितेच्या पोटातल्या त्या दोघी खुदुखुदु हसत सुटल्या.