वाया जाणाऱ्या उबेचे गिऱ्हाईक

एकदा एका बर्फाळ खोऱ्यातील गावात एक बातमी आली आणि सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. त्या गावातील साठ घरांना ऊब देणारी भट्टी एकच होती. तिथे तापलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघरी फिरे आणि निवून परत येई. खर्च सारे वाटून घेत. एक वृद्ध गुरुजी ती भट्टी सांभाळीत. त्यांची शिष्या हाताशी असे. बातमी अशी, की सर्वांत मोठा वाटा उचलणारा व्यापारी आपल्या तीस खोल्यांच्या सराईसाठी स्वतंत्र भट्टी पेटवून वेगळा झाला होता.

दुसऱ्याच दिवशी चार घरांनी नावे काढून घेतली. "शेठजींचा वाटा आता आमच्यावर पडणार. त्यापेक्षा घरात शेगडी बरी," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी आणखी पाच घरे गेली.

शिष्येने हिशेब मांडला. घरे घटली तरी नळांची लांबी घटत नव्हती. माणसे कमी झाली की उरलेल्यांचा वाटा वाढणार, वाटा वाढला की आणखी माणसे जाणार. शेवटी उरतील शेगडीही न परवडणारे म्हातारेकोतारे, आणि ऐन पौषात गोठून फुटलेले नळ.

"गुरुजी, जाणाऱ्यांना दंड लावा," ती म्हणाली. "नाहीतर महिन्याभरात कुणी उरणार नाही."

गुरुजी उठले आणि तिला घेऊन थेट व्यापाऱ्याकडे गेले.

"शेठजी, सराई रिकामी असते तेव्हा तुमच्या भट्टीची किती ऊब वाया जाते?"

"निम्म्याहून जास्त," व्यापारी सावधपणे म्हणाला. "पण पाहुणे कधी येतील याचा नेम नाही. भट्टी पेटतीच ठेवावी लागते."

"मग ती ऊब सराईपर्यंत येणाऱ्या आमच्या जुन्या नळांतून आम्हाला विका. तेवढ्या उबेसाठी आम्हाला लाकडाला जो खर्च येतो, त्याच्या निम्म्या भावाने."

व्यापाऱ्याने थोडा विचार करून होकार दिला. परतताना शिष्येला राहवेना. "ज्याने गावावर ही वेळ आणली, त्यालाच पैसे द्यायचे?"

गुरुजी म्हणाले, "दंड भरून शेठजी सुखाने गेले असते. आणि घाबरलेल्या माणसाला आणखी भीती घातली, तर तो अधिकच जोराने पळतो. काल गाव विस्कटलं असतं तरी शेठजींचं काही बिघडणार नव्हतं. आज त्यांच्या वाया जाणाऱ्या उबेला गाव हेच एक गिऱ्हाईक आहे. एक घर तुटलं, तरी आता त्यांनाही झळ बसेल."

त्याच आठवड्यात व्यापारी स्वतः नऊ घरांत जाऊन आला. स्वस्त उबेमुळे वाटा वाढणार नाही, असे त्याने प्रत्येकाला समजावले. सात घरे परतली. दोन आलीच नाहीत.

तरी शिष्येची धास्ती गेली नाही. "गुरुजी, उद्या शेठजींनी भाव वाढवला तर?"

"वाढवतीलही. तीच भीती मलाही आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "म्हणून आपली भट्टी एक दिवसही विझू द्यायची नाही."

शिष्येने एक ओंडका उचलला आणि भट्टीत सरकवला.