सापडेल ते पूस

“पण ही कमांड चालत का नाही, एवढंच सांगा ना अक्का?”

निशिकांत गद्रे सकाळपासून तिसऱ्यांदा हेच विचारत होता.

वेणूअक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेतले मोठाले संगणक सांभाळून त्या या आसरेवाडीच्या मठात येऊन राहिल्या होत्या. मठातल्या आणि आसपासच्या पोथ्यांची छायाचित्रं त्यांच्याच देखरेखीखाली असत. निशिकांत पुण्याहून त्यांच्याकडे शिकायला आला, त्याला दोन महिने झाले होते. हुशार होता. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

डिस्क भरत आली होती. सोमवारी नव्या पोथ्या यायच्या होत्या. जादा प्रती काढून जागा करायचं काम अक्कांनी त्याला दिलं होतं.

“कमांड काय दिलीस?”

“सोपी आहे. नावात ‘प्रत’ असलेली फाइल शोध, सापडेल ती पूस. एका ओळीचं काम. पण चूक दाखवून थांबते. मशीनच जुनं आहे.”

अक्का उठल्या. पडद्यासमोर उभ्या राहिल्या. ओळ वाचली...

“त्यातलं ‘पूस’ काढून टाक,” त्या म्हणाल्या. “नुसती नावं दाखव म्हण.”

“नावं कशाला? मला माहीत आहेत की.”

“मला माहीत नाहीत. वाचून दाखव.”

त्याने बटण दाबलं. नावं भराभर खाली आली. तो कंटाळलेल्या आवाजात वाचू लागला.

“मंगलाष्टक प्रत एक. मंगलाष्टक प्रत दोन. औषधीसंग्रह प्रत दोन... अक्का, दोनशेच्या वर आहेत.”

“वाच.”

अक्का परत जागेवर बसल्या. त्यांच्या हातातल्या शेंगा फुटत होत्या. तो वाचत होता. साठ झाली, सत्तर झाली.

“औषधीसंग्रह प्रत तीन. प्रतिपदा व्रतकथा, पान एक. प्रतिपदा व्रतकथा, पान...”

तो थांबला.

ती प्रत नव्हती. ‘प्रतिपदा’ या शब्दातही ‘प्रत’ होतंच, आणि मशीनने सांगितलं तेच केलं होतं. व्रतकथेची मूळ पोथी रेवाळ्यांच्या घरी होती. ते घर गेल्या फाल्गुनात जळालं. उरली होती ती ही एकोणचाळीस छायाचित्रं. हीच छायाचित्रं जपून ठेवलेली दुसरी डिस्क तर महिन्यापूर्वीच बंद पडली होती.

सकाळपासून ही ओळ चालावी म्हणून त्याने काय काय केलं होतं! एकदा जरी चालली असती...

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“अक्का, मी...”

“पुढचं वाच.”

त्याने शेवटपर्यंत वाचलं. आणखी एक निघालं, ‘प्रतिष्ठाविधी’. मग ‘प्रत’च्या आधी आणि नंतर मोकळी जागा असेल तरच घे, असं त्याने ओळीत लिहिलं. पुन्हा नावं काढली. पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी सावकाश, एकेका नावावर बोट ठेवून. जेवणाची घंटा झाली तरी उठला नाही.

एकशे शहाऐंशी नावं. सगळ्या खरोखरच्या प्रती. प्रत्येकीचं मूळ त्याने उघडून पाहिलं.

“आता ‘पूस’ परत घाल,” अक्का म्हणाल्या. “आणि शेवटच्या अर्धविरामाच्या आधी उलटी तिरकी रेघ दे. ती नसली की तो वाटेतच गळतो, मग कमांड कुठं संपली ते मशीनला कळत नाही.”

एवढंच होतं तर.

त्याने रेघ दिली. ओळ पुरी झाली. बोट बटणावर नेलं.

बोट तिथेच राहिलं...

त्याने ओळ पुन्हा वाचली. यादी पुन्हा वर नेली, खाली आणली. हात मागे घेतला.

“काय झालं?”

“अक्का, सगळं बरोबर आहे,” तो हळूच म्हणाला. “पण हात धजत नाही.”

अक्कांनी टरफलं पदरात गोळा केली आणि त्या उठल्या.

“आता दाब.”