कोणती गाठ सुटली?

विहिरींवर मोटा चालायच्या तेव्हाची गोष्ट. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीत पिवळोबा हा म्हातारा सुगरण पक्षी पोरांना खोपे विणायला शिकवायचा. एकदा वाऱ्याने तुरा नावाच्या पोराचा खोपा पुन्हा पाण्यात पडला.

“काका, मला नाही जमायचं. तुम्हीच विणून द्या ना!”

“माझाही कालच पडला रे,” पिवळोबा म्हणाला. “का, ते अजून कळलं नाही. तुझी कोणती गाठ आधी सुटली?”

तुऱ्याने लोंबणारी पाती न्याहाळली. “फांदीजवळची! तिला एकच वेढा दिला होता मी.”

त्याने दोन वेढे देऊन नवा खोपा विणला. वारा आला, खोपा झुलला, पण टिकला.

पिवळोबा गवताचं पातं घेऊन तुऱ्यापाशी आला. पातं पायाखाली धरून म्हणाला, “गुरुजी, ती गाठ मला दाखवा बरं.”