अस्वलाचं वजन आणि बगळ्याचा ओंडका

घाटाखालच्या एका जंगलात एक थोराड अस्वल राहत असे. मुलांनो, थकवा थकवा म्हणतात तो काय असतो, हे त्या अस्वलालाच विचारावं. सकाळी उठायचं म्हटलं तरी त्याच्या जिवावर येई. कधीकाळी एका दमात तीन वारुळं उकरून वाळवी फस्त करणारं ते जनावर! पण एके दिवशी वारूळ उकरता उकरता त्याच्या छातीत अशी कळ आली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कळ गेली, भीती मात्र राहिली. “मला अजून जगायचंय रे बाबा,” असं पुटपुटत ते पाय ओढत डोहाकाठच्या वैद्याकडे गेलं.

हा वैद्य म्हणजे एक बगळा. मान लांब आणि बोलणं तुटक. तपासायची त्याची रीत एकच होती. डोहात जांभळाचा एक जाडजूड ओंडका तरंगत असे आणि त्याच्या अंगावर बगळ्याने चोचीने एकावर एक तीन रेघा कोरल्या होत्या. रोग्याने ओंडक्यावर उभं राहायचं आणि किती रेघा बुडाल्या ते वैद्याने काठावरून मोजायचं, झाली तपासणी. अस्वल उभं राहिलं मात्र, तिन्ही रेघा पाण्याखाली गेल्या.

“अरे अरे अरे! हृदयावर केवढं हे ओझं!” बगळा म्हणाला. “खाणं बंद कर. एका रेघेवर आलास तर वाचलास, नाहीतर तुझं काही खरं नाही.”

“वैद्यराज, छातीला जरा कान लावून तरी बघा,” अस्वल काकुळतीने म्हणालं.

“ओंडका सांगतो तेवढं पुरे आहे. पुढचा कोण?”

पुढचा होता एक कोल्हा. त्याचे पाय काटक्यांसारखे आणि पोट मात्र मधोमध रांजणासारखं. घाटातल्या धाब्यामागे टाकलेली भजी नि पुऱ्या खायच्या आणि तिथेच लवंडायचं, हा त्याचा दिनक्रम. डोहापर्यंत येतानाच त्याला तीनदा बसावं लागलं होतं. पण तो ओंडक्यावर चढला आणि एकही रेघ बुडाली नाही! आता कोल्हा आणि अस्वल एकाच रेघेने मोजायचे, हे शहाणपण त्या बगळ्याचंच. “शाबास!” तो म्हणाला. “तुझ्या हृदयाला काडीचा धोका नाही.” कोल्ह्याने पोटावरून पंजा फिरवला आणि तो अस्वलाला म्हणाला, “बघ दादा, शिक काहीतरी माझ्याकडून!”

अस्वलाने मान खाली घातली. त्या दिवसापासून त्याने मध सोडला, मोहाची फुलं सोडली, वाळवी सोडली, शेवटी उंबरही सोडले. उपाशीपोटी चालवेना, म्हणून चालणंही सुटलं. दिवसभर आपलं सावलीला पडून राहायचं आणि ‘उतरलं का, उतरलं का’ म्हणून स्वतःलाच चाचपायचं. उतरत होतं, नाही असं नाही. पण आधी खांदे वितळले, मग मांड्या गेल्या. पोट तेवढं होतं तसंच लोंबत राहिलं. म्हणतात ना, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातली गत. महिन्याने ते पुन्हा ओंडक्यावर उभं राहिलं तेव्हा दोनच रेघा बुडाल्या. “वा!” बगळा खूश झाला. “वैद्यराज, मला आता वारूळ उकरवत नाही हो,” अस्वल म्हणालं. “सवय होईल,” असं म्हणून बगळा मासा पकडायला वळला.

पुढे वैशाख आला. ओढा आटला, डोहाचा चिखल झाला आणि ओंडका त्यात रुतून बसला. आता पाणी होतं ते फक्त खिंडीपलीकडच्या नदीत. जंगलातली सगळी जनावरं खिंड चढायला निघाली. अस्वलही निघालं. न निघून सांगतं कोणाला? तहानेने मरायचं, की चढावर छाती फुटून मरायचं, एवढंच काय ते ठरवायचं होतं. दहा पावलं टाकावीत आणि थांबावं, असं त्याचं चाललं होतं. तेवढ्यात कोल्हा त्याला ओलांडून पुढे गेला. त्याला धाप लागली होती, तोंडाला फेस आला होता, तरी ऐट काही कमी नव्हती. “माझी तर एकही रेघ बुडत नाही,” तो म्हणाला. “मी काय, आत्ता पोचतो!”

वळणावरच्या खडकापाशी तो थबकला. त्याने एक पंजा छातीशी नेला आणि धाडकन खाली पडला. अस्वल कसंबसं तिथपर्यंत पोचलं. “अरे, ऊठ की रे! बोल काहीतरी!” त्याने कोल्ह्याला हलवून हलवून पाहिलं. पण सगळं संपलं होतं. अस्वल तिथेच त्याच्याशेजारी बसलं.

वरून बगळा उडत चालला होता, तो खाली उतरला. कोल्ह्याकडे पाहून त्याची लांब मान आखडली.

“वैद्यराज,” अस्वल म्हणालं. रागवायलाही त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. “याला तर तुम्ही शाबासकी दिली होती. मग माझी पाळी कधी?”

बगळ्याने कोल्ह्याच्या पोटावर चोच ठेवली. ते चरबीने गच्च होतं. मग त्याने अस्वलाचे खांदे चाचपले. तिथे नुसती कातडी होती. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एका रोग्याच्या छातीला कान लावला आणि तो बराच वेळ ऐकत राहिला. “चुकलो,” तो म्हणाला. “ओंडक्याला मांसही सारखं आणि चरबीही सारखीच. मी त्यालाच विचारत बसलो, तुला काही विचारलंच नाही. बैस इथे.”

जवळच एक वारूळ होतं. बगळा चोचीने ते फोडू लागला. चोच रक्ताळली, तरी त्याने वाळवी बाहेर पडेपर्यंत फोडलं. अस्वलाने ती खाल्ली आणि सावलीत विसावा घेतला. दुसऱ्या दिवशी ते थोडं चढलं, तिसऱ्या दिवशी त्याहून थोडं जास्त. रोज पोटापुरतं खायचं, बगळ्याने नदीवरून चोचीत आणलेलं पाणी प्यायचं आणि सोसेल तेवढं चालायचं. सहाव्या दिवशी ते नदीवर पोचलं आणि गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन बसलं. दमलेलं होतं, पण जिवंत होतं. पुढे त्याचे खांदे हळूहळू भरले आणि पोट ओसरलं. त्याला कितीतरी पावसाळे लाभले.

नदीकाठी बगळ्याने दुसरा ओंडका शोधला नाही, असं नाही. वजन तो अजूनही पाहतो. पण आधी रोग्याला जवळ बसवतो आणि विचारतो, “काय खातोस? किती चालतोस? पोट किती सुटलंय? चढावर दम लागतो का?” कोल्ह्याला एवढंच विचारायचं राहून गेलं, आणि ते राहूनच गेलं.

तात्पर्य : नुसत्या वजनावरून हृदयाची पारख होत नाही, पोटावरची चरबी घात करते आणि अंगातलं बळ तारतं, म्हणून उतरवायचीच तर चरबी उतरवावी, बळ नव्हे.