न गुंडाळलेला पट

कोंडशीच्या देवळामागे एक उभा, सपाट कडा आहे. वैशाखात विहिरी तळ गाठतात, तेव्हाही हा कडा कमरेपर्यंत ओला असतो. निशिगंधाला वाटले होते, एवढा मोठा पडदा आयता मिळाल्यावर गाव हरखून जाईल. चित्रपटाचे शिक्षण घेऊन ती परदेशातून परतली होती. धरणात बुडालेल्या शेजारच्या वाडीवरचा आपला पहिला चित्रपट आधी आपल्या माणसांनी पाहावा, हा तिचा ध्यास. पण तो कड्यावर दाखवणार हे कळताच अंथरलेल्या सतरंज्या बायकांनी उचलल्या.

"भिंतीर नको गो बाय," विश्रामआजा म्हणाले. गावात चित्रांचे कापडी पट दाखवणाऱ्या घराण्यातले ते शेवटचे. "भिंत गुंडाळूक येता?"

"आजोबा, नुसता उजेड तर पडणार!"

"चित्र शिकान इलंस. पट खंय सांडलंस?"

मग त्यांनी सांगितले. फार पूर्वी इथे भागो चितारी होता. कापडाच्या पटावर तो कथा रंगवी आणि गावोगाव दाखवी. चित्रांचा पट, म्हणून चित्रपट. हा शब्द सिनेमाच्या कितीतरी आधीचा, असे इथले लोक सांगतात. नेम एकच. युद्ध असो, मरण असो, कथा मंगलापर्यंत न्यायची आणि मगच पट गुंडाळायचा. जे जागवले ते निजवायचे.

भागोला एकदा हाव सुटली. आपले चित्र कुणाला गुंडाळताच येऊ नये! त्याने कड्यावर महापूर रंगवला. पूर ओसरल्याचे चित्र काढण्याआधी दिवस मावळला. 'उरलेले उद्या' म्हणून तो घरी गेला. सकाळी कडा पाझरत होता. तिसऱ्या दिवशी पाणी देवळाच्या पायरीला लागले. तेव्हा म्हणे भागोने कोरा पट अंगाभोवती लपेटला आणि तो कड्याला पाठ लावून उभा राहिला. पाणी थांबले. पट सापडला, नीट गुंडाळलेला. भागो सापडला नाही. रंग धुऊन गेले, ओल तेवढी राहिली.

निशिगंधा हसली नाही, पण ऐकलेही नाही. संध्याकाळी एकटीच कड्यापाशी जाऊन तिने चित्रपटाचे यंत्र लावून पाहिले. वाडीत पाणी शिरते त्या चित्रावर सगळे अडकले. कड्यावर पाणी, पाण्यात अर्धे बुडालेले तुळशीवृंदावन. बटणे दाबूनही ते हलेना. शेवटी तिने वायर उपटली.

सकाळी ती पुन्हा गेली. ओल तिच्या खांद्याला लागत होती.

आजही कोंडशीत कोणताही सिनेमा कापडावरच लागतो आणि संपल्याशिवाय कुणी उठत नाही. निशिगंधाचा चित्रपट मात्र मंगलापर्यंत न जाता पाण्यावरच संपत होता. तिने खेळ रद्द केला. कुडाळहून पडद्यासाठी आठ मीटर मांजरपाट आणायला माणूस धाडला आणि स्वतः कॅमेरा घेऊन निघाली, बुडालेल्या वाडीतली माणसे आता जिथे चूल पेटवतात तिकडे. उरलेले उद्यावर टाकायचे नव्हते.