वेलीवरची वाकळ

खूप जुन्या काळची गोष्ट सांगते. पोरांनी ऐका, आणि पोरांच्या आयांनीही ऐका.

एका डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षांचं गाव होतं. निम्मी द्राक्षं गाव खायचं, निम्म्यांचा रस रांजणात मुरवून आसव करायचं. एका साली वेलींवर भुरी पडली. पानांवर राखेसारखा पांढरा थर आला, मणी तडकले आणि बागाच्या बागा वाळून गेल्या.

तगली ती एकच, कड्यावरची पणज्याच्या वेळची काळी वेल. मणी लहान, साल जाड, आत बिया. पण खायला गोड आणि आसवालाही नामी. गावाने तिच्या काड्या आणून एका लेकुरवाळीच्या हवाली केल्या, कारण तिने लावलेलं जगायचं. त्याच पावसाळ्यात दरड कोसळली आणि कड्यावरची वेल गेली. आता ते जुनं वाण उरलं फक्त तिच्या मडक्यांत.

मग काय, तिचा जीव थाऱ्यावर राहीना. कोंब फुटले तशी तिने मडकी भिंतीच्या आडोशाला घेतली. वर वाकळ टाकली. वारा नको, ऊन नको, दहिवर नको.

सासू म्हणाली, "अगं, वेल आहे ती, बाळंतीण नव्हे."

"आत्याबाई, हिला काही झालं तर गावाला काय तोंड दाखवू?"

एके सकाळी वाकळ उचलली तर पानावर पांढरे ठिपके. ती ओल्या फडक्याने एकेक पान पुसत बसली. दुसऱ्या दिवशी ठिपके सगळ्या मडक्यांत. तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. सासू येऊन शेजारी टेकली.

"कड्यावर हिला पुसायला कोण जात होतं गं?"

"कुणी नाही."

"तिथं ओलं पान वाऱ्यानं लगेच वाळायचं. तू तिला दमट अंधारात कोंडलीस. अन् आजारी पानाचं फडकं बऱ्या पानाला लावलंस."

"मी जपतच होते, आत्याबाई."

"ठाऊक आहे मला. ऊठ, विळा आण."

तिने एकेक आजारी पान कापलं. दोघींनी रोगट पानं जाळली, मडकी उघड्या माळावर नेली, वेली मांडवाला बांधल्या. काही वाळल्या. त्यांच्यापाशी ती बराच वेळ बसून राहिली. उरलेल्यांना नवी पानं आली, बारकी पण जाड आणि स्वच्छ.

पुढे घराघरांत तिच्याच वेलींच्या काड्या गेल्या. पोरांच्या जिभा काळ्या झाल्या, रांजण भरले. जोराचा वारा सुटला की ती अजून दारात येऊन उभी राहायची. पण वाकळ घेऊन धावायची नाही.

बोध एवढाच: ज्याला जगवायचं त्याला जपावं, पण त्याच्या वाट्याचं ऊन-वारं अडवू नये.